मराठवाड्यातला मिथेन: गुरं, उकिरडा, कारखाने… खरा वाटा कुणाचा?

कडबाकुट्टी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. भाचीला शाळेत ‘मिथेन वायू आणि आपला परिसर’ असा प्रकल्प दिलाय. मामा पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो म्हणजे त्याला सगळं ठाऊक असणार, या हिशेबानं तो माझ्या गळ्यात आलाय. नेटवर सापडतं ते एकतर अमेरिकेतल्या हजार-हजार गायींच्या गोठ्यांबद्दल, नाहीतर भातखाचरांबद्दल. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. भात कुणी लावत नाही, तेलाची विहीर नाही, कोळशाची खाण नाही. घरी देवणी बैलांची जोडी, दोन म्हशी, एक गाय आणि मागं उकिरडा, एवढाच पसारा.

तर प्रश्न असे. मराठवाड्यात मिथेन निघतो कुठून? आणि घरच्या पातळीवर तो कमी करायला काय जमतं? माझं मत विचाराल तर गोबरगॅस बसवला की विषय मिटला. बाबांना ते पटत नाही. ते म्हणतात, ‘आज गुराचे ढेकर मोजायला निघालेत, उद्या माणसाचे मोजतील.’

आणखी एक. गावात एक जण कार्बन क्रेडिटचे, म्हणजे वायू कमी सोडल्याबद्दल पैसे मिळवून देतो म्हणून, फॉर्म भरून घ्यायलाय. त्याचं काय करायचं तेही सांगा.

उचापती_उदगीर
पहिला नंबर माझा! माहिती शून्य, पण बाबांचं बरोबर आहे. आमच्या हापिसात हुरडा पार्टीच्या दुसऱ्या दिवशी मोजणी ठेवा, मशीन जळून जाईल.

सुगरण_जालना
ढेकर नव्हे हो, मागून निघणारा वायू. गायींमुळं तापमान वाढतं म्हणतात ते त्याच्यामुळंच ना?

गुरांचा_डाक्टर
सुगरणताई, हा गैरसमज जगभर आहे. गाय-म्हैस जो मिथेन सोडते त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त तोंडा-नाकावाटे जातो. मागच्या बाजूचा वाटा अगदी किरकोळ.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे. त्यातला पहिला, सगळ्यात मोठा, तो कोटीपोट. मोठ्या म्हशीचं कोटीपोट शंभर लिटरच्या वर भरतं. जनावराच्या डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीमागं जो खळगा असतो तिथं मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोनदा आतून काहीतरी वळून मूठ बाहेर ढकलल्यासारखं लागेल. कोटीपोट घुसळलं जातंय ते. आजारी जनावराचं आम्ही पहिल्यांदा तेच बघतो.

या कोटीपोटात हवा नसते. कडबा, गव्हांडा, वाळकं गवत असलं आपल्याला न पचणारं काड तिथले सूक्ष्मजीव आंबवतात. त्यात हायड्रोजन सुटतो. तो साठून राहिला तर आंबवण्याचं कामच थंडावतं. म्हणून आर्किया नावाचे दुसरे सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून त्याचा मिथेन करतात आणि जनावर तो ढेकरावाटे बाहेर टाकतं. ढेकर अडकला तर पोट फुगून जनावर दगावतं, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तेव्हा ढेकर बंद करणं हा उपाय नाही, ढेकर येणं चांगलंच.

पण यात मालकाचंही नुकसान आहे. खाल्लेल्या चाऱ्यातली साधारण ६ टक्के ऊर्जा या वायूतून उडून जाते. ती दुधात किंवा अंगात गेली असती.

आकडे द्यायचे तर हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीनं, म्हणजे आयपीसीसीनं, भारतीय उपखंडासाठी २००६ साली अंदाज दिले होते: म्हैस वर्षाला ५५ किलो, दुभती गाय ५८ किलो, इतर गुरं २७ किलो मिथेन.

कळंबचा_कुणबी
झालं सुरू. आमच्या दोन बैलांनी पृथ्वी तापवली! तिकडं गॅसच्या पाइपलाइनी फुटल्यात, त्यांना कुणी काही बोलत नाही. २०२२ मध्ये बाल्टिक समुद्रात नॉर्ड स्ट्रीमच्या नळ्या फुटून किती मिथेन उधळला? तुर्कमेनिस्तानात दरवाझा नावाच्या जागी वायूचा खड्डा गेली कित्येक वर्षं जळतोय. आणि पाठ मात्र आमच्या पोरांना.

आकडेमोड
कुणबीभाऊ, राग समजतो, पण हिशेब दोन्हीकडचा मांडू. जगात माणसामुळं निघणाऱ्या मिथेनचे ढोबळ तीन गट: शेती आणि पशुधन मिळून ४० टक्क्यांच्या आसपास, कोळसा-तेल-वायू साधारण ३५ टक्के, कचरा आणि सांडपाणी २० टक्के. म्हणजे तुम्ही म्हणता ते नळीवाले काही थोडेथोडके नाहीत. शिवाय त्यांची गळती बंद करणं सगळ्यात स्वस्त, कारण वाचलेला वायू विकता येतो.

भारताचं चित्र वेगळं. आपल्याकडं मिथेनचा मोठा वाटा शेतीचा आणि त्यातही जनावरांचा. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गायी-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी निघाल्या.

एका म्हशीचा हिशेब करू. ५५ किलो मिथेन म्हणजे शंभर वर्षांच्या मापानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो असं धरलं तर, दीड टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो निघतो. म्हणजे साडेसहाशे लिटरहून जास्त पेट्रोल. लिटरला ५० किलोमीटर देणारी फटफटी ३० हजार किलोमीटरच्या वर पळेल.

उचापती_उदगीर
म्हणजे म्हैस विकून बुलेट घेतली तर पर्यावरणाची सेवा! बायकोला हा धागा वाचून दाखवतो.

माळवदावरची_काकू
@उचापती, बुलेटचं दूध काढून चहा करशील का रे?

कळंबचा_कुणबी
काकू _/\_

@आकडेमोड, तुमच्या हिशेबात एक मेख आहे. म्हैस जो कार्बन सोडते तो कडब्यातून आला, कडब्यात हवेतून आला. मिथेन बारा-एक वर्षांत हवेत मोडून जातो. गावात आजोबांच्या काळी जेवढी जनावरं होती तेवढीच आज असतील तर नवीन भर किती पडली? जेवढा येतो तेवढाच जातो. पेट्रोलचं तसं आहे का? तो जमिनीखालचा कार्बन, वर आला की शेकडो वर्षं हवेतच. एकाच तराजूत घालता कसे?

आकडेमोड
मुद्दा बिनतोड आहे, निम्मा. जनावरांची संख्या स्थिर असेल तर त्यांचा मिथेन हवेत एका पातळीला येऊन थांबतो, दरवर्षी नवा थर चढत नाही. पेट्रोलचा चढतो. इथपर्यंत मान्य.

उरलेला निम्मा असा. ती पातळी मुळातच उंच आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत अब्ज भागांत सातशेच्या आसपास मिथेन होता, आता एकोणीसशेच्या वर गेलाय. आणि तो बारा वर्षांत मोडतो हीच तर त्याची चांगली बाजू. आज कमी केला तर त्याचा परिणाम आपल्याच हयातीत दिसतो. वीस वर्षांच्या मापानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो, म्हणून घाई त्याची. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभरावर देशांनी २०३० पर्यंत मिथेनमध्ये ३० टक्के घट करायचं ठरवलं. भारतानं त्यावर सही केली नाही. गुरं आणि भात हा इथं लहान शेतकऱ्याच्या पोटाचा विषय आहे, ही आपली बाजू. मला ती पटते. पण सही केली नाही म्हणून जे फायद्याचं आहे तेही करायचं नाही, असं थोडंच आहे?

रिकामटेकडा_परळी
डेन्मार्कनं २०३० पासून गुरांच्या वायूवर कर लावायचं ठरवलंय. न्यूझीलंडनं ढेकर कर आणायला घेतला होता, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले, शेवटी २०२४ मध्ये गुंडाळला. कडबाकुट्टी, तुमच्या बाबांना कळवा, त्यांचा संशय अगदीच हवेत नव्हता.

कडबाकुट्टी
बाबांना कळवलं. आता ते कुणाचंच ऐकणार नाहीत.

पण डाक्टरसाहेब, मग गोबरगॅसचं काय? शेणातला मिथेन तर आपण चुलीत जाळू ना?

गुरांचा_डाक्टर
जाळा, जरूर जाळा. पण ढेकराचा हिशेब त्यानं बदलत नाही. त्याच आयपीसीसीच्या तक्त्यात आपल्याकडच्या म्हशीच्या शेणातून वर्षाला ४-५ किलो मिथेन धरलाय. तोंडातून ५५, शेणातून ५. कारण आपलं शेण उघड्यावर, उन्हात पडतं, वाळतं. हवा लागली की मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काही चालत नाही. परदेशात शेण पाण्यासोबत तळ्यात साठवतात, तिथं बेसुमार निघतो.

आता गंमत बघा. गोबरगॅसमध्ये आपण मुद्दाम हवा बंद करून मिथेन तयार करतो. तो सगळा चुलीत जळाला तर उत्तम. पण टाकीला भोक असेल, नळी तडकली असेल, किंवा सण म्हणून घरचे आठ दिवस गावाला गेले आणि गॅस तसाच सुटत राहिला, तर उघड्या उकिरड्यापेक्षा जास्त मिथेन हवेत जातो. गळका गोबरगॅस नसलेला बरा.

माळवदावरची_काकू
डाक्टर म्हणतात त्यातलं अक्षर न् अक्षर आम्ही भोगलंय.

आमच्याकडं केज तालुक्यात माझं लग्न झालं तेव्हा नुकताच गोबरगॅस बसवला होता. लोखंडी टाकीचा, वर-खाली होणारा. सकाळी टाकी वर आलेली दिसली की सासूबाई म्हणायच्या, आज पुरणपोळी होईल. खाली बसली असली की पिठलं-भाकरी. शेण कालवायचं काम माझ्याकडं. एक पाटी शेण, तेवढंच पाणी, हातानं काड्या-कुटकं वेचून काढायचं, नाहीतर नळात अडकतं. गॅस निळा जळायचा, धूर नाही, भांडी काळी होत नाहीत. चुलीपुढं डोळे चोळत बसणाऱ्या बाईला विचारा याची किंमत. पुन्हा टाकीतून बाहेर पडणारी शेणाची रबडी रानात घातली की ज्वारी अशी यायची की मळ्याच्या बांधावरून ओळखू यायची.

मग बंद का पडला? पाणी. दिवसाला चार घागरी पाणी नुसतं शेणात ओतायचं, आणि उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर. प्यायला नाही तिथं शेणाला कुठून आणायचं? एका दुष्काळात जनावरं छावणीत गेली, त्यांच्यामागं शेणही गेलं. टाकी कोरडी पडली, गंजली. परत कुणी चालू केलीच नाही. आज तिच्यात सरपण ठेवतात.

वाचनमात्र_वसमत
काकू, आमच्याकडं घुमटाचा, जमिनीत बांधलेला दीनबंधू आहे. त्याला गंजायला काही नाही. थंडीत गॅस कमी पडतो एवढंच. दोन घनमीटरचा आहे, रोज पन्नास-एक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. पाण्यावर मात्र तुमच्याशी सहमत. आम्ही गोठा धुतलेलं पाणी आणि जनावराचं मूत त्यात वळवलं, तेव्हा निभावलं. नीट चालला तर महिन्याला दीड-पावणेदोन सिलिंडरचं काम होतं.

सुगरण_जालना
शेणाशिवाय चालत नाही का? शहरात आमच्याकडं शेण कुठलं?

वाचनमात्र_वसमत
चालतं की. पुण्याच्या आरती संस्थेनं, आनंद कर्व्यांच्या पुढाकारानं, खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र केलं. २००६ साली त्याला इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार सोपा: शेण म्हणजे गायीनं आधीच पचवून उरलेलं. त्यापेक्षा शिळी भाकरी, भाताची पेज, पिठाचं धुवण जिवाणूंना दिलं तर किलोमागं कितीतरी जास्त गॅस, तोही लवकर. सुरुवातीला विरजण म्हणून थोडं शेण लागतं. तेलकट, आंबट फार घालायचं नाही, नाहीतर रुसतं.

नारेगाव_बायपास
कचऱ्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या संभाजीनगरचं सांगतो. नारेगावच्या डेपोवर कितीतरी वर्षं सगळ्या शहराचा ओला-सुका एकत्र कचरा पडत होता. २०१८ च्या फेब्रुवारीत आसपासच्या गावांनी गाड्या अडवल्या आणि शहर काही महिने कचऱ्यात बसलं. तेव्हाच्या बातम्या आठवत असतील. मिटमिट्याला तर दगडफेक आणि जाळपोळ झाली.

मला सांगायचंय ते वेगळं. त्या डोंगराजवळून जाताना उन्हाळ्यात धूर दिसायचा. कुणी काडी लावलेली नसताना आग कशी धुमसते, असा प्रश्न पडायचा. कचऱ्याच्या थरावर थर चढला की खाली हवा पोचत नाही. मग भाजीची देठं, उष्टं, केळीची सालं आत बसून मिथेन करतात. तो वर झिरपतो, वाटेत ठिणगी मिळाली की पेट घेतो. मुंबईत देवनारला, दिल्लीत गाझीपूरला हेच.

पुढं आमच्याकडं चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल अशी प्रक्रिया केंद्रं झाली. तरी सगळ्याचं मूळ स्वयंपाकघरात आहे. ओला कचरा वेगळा निघाला आणि हवेशीर ढिगात कुजला तर त्यातून मिथेन जवळजवळ होत नाही. तोच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फेकला की झालं. वेगळा करायचा नियम २०१६ पासून आहे. आमच्या सोसायटीत दोन डबे आहेत आणि दोन्हीत सगळं असतं.

उचापती_उदगीर
तुमच्याकडं डबे तरी आहेत.

चिमणी_नंबर_दोन
साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत नोकरी करतो, कारखान्याचं नाव सांगत नाही. मूळ प्रश्नात कारखाने होते म्हणून लिहितो.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागं आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. तपकिरी, गरम, वासाचा, सेंद्रिय पदार्थांनी खच्चून भरलेला. हा उघड्या खड्ड्यात साठवला तर आख्ख्या गावाच्या गुरांना मागं टाकेल इतका मिथेन देतो. तोच बंद टाकीत घातला तर गॅस बॉयलरला मिळतो. आमच्याकडं तसंच आहे. वास आला की गाववाले शिव्या देतात. टाकी नीट चालत असेल तर वास कमी, कारण वास देणारा गंधकाचा वायूही गॅसबरोबर आतच पकडला जातो.

दुसरं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस साफ करताना उरणारा गाळ. शंभर टन ऊस गाळला की तीन-चार टन प्रेसमड निघतो. साधारण २५ टन प्रेसमडमधून एक टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस मिळतो, म्हणजे गाडीत भरायच्या सीएनजीसारखा. केंद्रानं २०१८ मध्ये ‘सतत’ नावाची योजना काढली, तेल कंपन्या हा गॅस विकत घेतात. लातूर, बीड, धाराशिव, जालना, परभणी सगळीकडं कारखाने आहेत. माझ्या मते मराठवाड्यात मिथेनवर सगळ्यात आधी हात घालायचा तो इथं. दहा हजार गोठ्यांत जायची गरज नाही, एका गेटमधून आत गेलं की सगळा माल एका जागी.

कळंबचा_कुणबी
ऐका! हे मी मघापासून म्हणतोय. मोठ्या गेटमध्ये आधी जा.

रिकामटेकडा_परळी
गेटमध्ये नंतर जा, आधी ऊस लावायचा का ते ठरवा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्याच काळात उसाला पाणी चालू होतंच. ऊसच नसता तर मळी नसती, मळी नसती तर—

चिमणी_नंबर_दोन
तर माझी नोकरी नसती. दादा, सोयाबीनला भाव द्या, ऊस आपोआप कमी होतो. शेतकरी हौसेनं लावतो का?

रिकामटेकडा_परळी
भाव कुठल्या पक्षानं पाडला ते काढू का?

नायगावकर_७२
पक्षाचं राहू द्या, भाकड जनावरांचं बोला. २०१५ पासून राज्यात बैल, वळूही कत्तलीला जात नाहीत. म्हातारा बैल कुणी घेत नाही. दूध नाही, काम नाही, चारा मात्र पूर्ण. मिथेनच्या भाषेत बोलायचं तर नुसतेच ढेकर. शेतकरी रात्री रस्त्यावर सोडून देतो, मग ती दुसऱ्याच्या तुरीत. कायदा करणाऱ्यांनी—

धागाराखण
इथंच थांबूया. पक्ष आणि कायद्याच्या बाजू-विरोधाचे चार प्रतिसाद उडवले आहेत. नायगावकरांचा ठेवला, कारण भाकड जनावरांचा प्रश्न विषयाला धरून आहे. बाकीचं राजकारणाच्या धाग्यावर. मिथेनवर या.

माळवदावरची_काकू
म्हाताऱ्या बैलाला नुसतेच ढेकर म्हणायचं? पोळ्याला पुरणपोळी त्यालाच भरवता ना? जन्मभर राबलाय तो.

गुरांचा_डाक्टर
काकू, भावना तुमचीच माझीही आहे. पण नायगावकरांच्या बोलण्यात शास्त्र आहे, ते सांगतो.

मिथेन जनावरामागं मोजू नका, लिटरमागं मोजा. एखादी म्हैस रोज दहा लिटर देते, दुसरी तीन लिटर. दुसरीचं दूध मिथेनच्या हिशेबात कितीतरी महाग पडतं. तशा तीन म्हशी पाळण्यापेक्षा एक नीट पोसली तर मिथेन कमी, चारा कमी, पाणी कमी आणि घरच्या बाईचं शेण-घाण कमी. बैलांची संख्या तर ट्रॅक्टरमुळं तशीही घटतेय.

‘नीट पोसली’ म्हणजे काय? आपल्याकडं खरी अडचण तिथं आहे. उन्हाळ्यात जनावराच्या पुढ्यात पडतं ते वाळलेलं, लाकडासारखं काड. जेवढं निकृष्ट काड, तेवढं आंबायला वेळ, तेवढा दुधामागं मिथेन जास्त. उपाय साधे आहेत:

कुट्टी करूनच घाला. आख्खा कडबा घातला तर निम्मा पायाखाली जातो.
हिरवं थोडं का होईना रोज असू द्या.
सरकी पेंड आपल्याकडं घरोघरी आहे, तिच्यातला तेलाचा अंशही मिथेन थोडा कमी करतो.
खनिज मिश्रण द्या.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहाराच्या कामात लिटरमागं मिथेन दहा-पंधरा टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि शेतकऱ्याचा खर्चही उतरला. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं ‘हरित धारा’ नावाचं खाद्य काढलंय, टॅनिन असलेल्या वनस्पतींचं, त्यानं १७ ते २० टक्के घट होते असं ते सांगतात. समुद्री शेवाळाच्या बातम्या वाचल्या असतील. प्रयोगात ८० टक्क्यांपर्यंत घट झाली, पण अहमदपूरला शेवाळ कुठून आणणार? ते सोडा.

पैठणचा_नावाडी
धरणाचं कुणीच बोललं नाही. नाथसागरात पाणी उतरलं की काठाच्या गाळात बांबू खुपसून बघा. बुड्बुड् करत फुगे वर येतात. लहानपणी आम्ही त्याला भूत म्हणायचो.

आकडेमोड
नावाडीभाऊ, तुमचं भूत म्हणजे मिथेनच. १७७६ मध्ये इटलीच्या व्होल्टानं मॅजोरे तळ्याच्या काठी हेच केलं, गाळ ढवळून फुगे बाटलीत पकडले आणि पेटवून दाखवले. धरणात पिकांचे अवशेष, गवत, गाळ तळाशी बसतं, तिथं हवा नसते. पाणी वेगानं उतरलं की वरचा दाब कमी होतो आणि साठलेले फुगे सुटतात. धरण काही आपण रिकामं करणार नाही, पण रानातली माती वाहून कमी आली तर खाद्य कमी पडेल. बांधबंदिस्तीचा हा एक बिनपैशाचा फायदा.

वाचनमात्र_वसमत
फुग्यांवरून एक महत्त्वाचं. गोबरगॅसच्या टाकीत, सेप्टिक टँकमध्ये किंवा जुन्या बंद आडात गाळ काढायला कुणी उतरू नका. दरवर्षी माणसं मरतात, पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. आपल्याकडं आडात उतरण्याआधी कंदील सोडून बघायची रीत आहे. गोबरगॅसच्या खड्ड्यात ती रीत वापरलीत तर स्फोट होईल. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळलेला असला की ठिणगी पुरते. आणि मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइड असतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मशीननंच उपसायचं.

माळवदावरची_काकू
हे मोठ्या अक्षरात वर लावा हो धागाराखण.

धागाराखण
लावलं काकू.

ऐकीव_औसा
कार्बन क्रेडिटचं कुणीच सांगितलं नाही. आमच्या गावातही फॉर्म आले होते. मी दोन गोष्टी विचारल्या: आत्ता आमच्याकडून किती मिथेन निघतो ते कुणी, कसं मोजलं? आणि क्रेडिट विकल्यावर त्यातला वाटा किती, तो लिहून कुठं दिलाय? दोन्हीला उत्तर नव्हतं. क्रेडिट खोटंच असतं असं नाही. पण आधीची पातळी ठरवावी लागते, दरवर्षी तपासणी लागते, शेकडो शेतकरी एकत्र करून नोंदणी होते, करार वर्षानुवर्षांचे असतात. करार मराठीत वाचल्याशिवाय आणि सातबारा-आधारच्या प्रती कशासाठी हव्यात ते कळल्याशिवाय सही नको. आणि फॉर्म भरायला पैसे मागितले तर चहासुद्धा पाजू नका.

रिकामटेकडा_परळी
मोजणीसाठी अमेरिकेतल्या एका संस्थेनं मिथेनसॅट नावाचा उपग्रह २०२४ मध्ये सोडला होता. २०२५ मध्ये त्याचा संपर्क तुटला. कडबाकुट्टींच्या बाबांचे ग्रह जबरदस्त आहेत.

कडबाकुट्टी
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भाचीच्या प्रकल्पात आता ढेकराचं चित्र, नारेगाव आणि काकूंची टाकी तिन्ही येणार. फॉर्म भरणाऱ्याला ऐकीवभाऊंचे दोन प्रश्न विचारले, तो ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणून गेलाय.

बाबांना लिटरमागचा हिशेब मात्र एकदम पटला. दोन म्हशींपैकी एक आटलेलीच असते, तिचं काय करायचं ते ते बघतील. गोबरगॅसचा बेत पाण्यामुळं सध्या बाजूला. त्यांचा आता एकच प्रश्न आहे: डाक्टरसाहेब, निकृष्ट काड पचायला सोपं व्हावं म्हणून त्यावर युरियाची प्रक्रिया करतात म्हणे, ती खरंच करायची का? जनावराला विषबाधा होते असं गावात म्हणतात. आणि घरी गव्हांडा आहे, सोयाबीनचं भुसकटही आहे. दोन्हीला चालेल का?

गुरांचा_डाक्टर
गव्हांड्याला करा. १०० किलो गव्हांड्याला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. खडा राहता कामा नये, विषबाधा होते ती खडा खाऊन किंवा ते पाणी पिऊन. थराथरानं शिंपडायचं, पायानं दाबायचं, ताडपत्रीनं हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवायचं. उघडल्यावर झोंबणारा वास येईल, म्हणून घालण्याआधी तासभर पसरून ठेवा. पहिले काही दिवस साध्या काडात मिसळून द्या. सहा महिन्यांखालच्या वासराला बिलकुल नको, शेळ्यांनाही विचारल्याशिवाय नको.

सोयाबीनच्या भुसकटाला गरज नाही, त्यात आधीच प्रथिनं गव्हांड्यापेक्षा जास्त असतात. ते फक्त बुरशी बघून घाला. यंदा काढणीत पाऊस लागलेला असेल तर ढिगाच्या आतून मूठभर काढून वास घ्या. कुबट आला तर उकिरड्यावर.

कळंबचा_कुणबी
डाक्टर, ताडपत्रीऐवजी खताच्या गोण्या शिवून झाकलं तर चालतं का? ताडपत्री हरभऱ्यावर आहे.

गुरांचा_डाक्टर
गोण्यांतून हवा जाते, युरियातून सुटणारा अमोनिया उडून जाईल. शेततळ्याचा जुना कागद असला तर बघा, भोकं नसलेला.